हँडलची खाट विकणे आहे

बायांनो, लावा पैज! मी सांगते त्यातला एक तरी शब्द खरा मानून दाखवा. चौथी शिकलेली बाई मी, खोटं रचायला बी डोकं लागतं, ते कुठनं आणू? पण असले किस्से मोबाईलमधी साठतात, फ्रीजमधल्या वाट्यांसारखे. एक काढायला जावं तर मागं तीन.

विषय खाटेचा. दवाखान्यात असती तशी, हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येणारी. आमच्या ह्यांच्यासाठी आणली होती. हे गेले चार महिन्यांमागं, खाट राहिली. आमची बेडरूम एवढीशी, तिच्यामुळं दार बी अर्धंच उघडतं. मी हॉलमधी झोपते. सकाळी सवयीनं जाऊन हँडल फिरवते, मंग ध्यानात येतं.

पोरगा म्हणतो, "आई, भंगारात दे." का म्हणून? कुणाच्या तरी आजारपणात कामाला यील. मला एवढंच पाहिजे : खाट घरातनं जावी, आन धड दोन शब्द बोलणाऱ्या माणसाकडं जावी. शेजारच्या रेश्मानं ॲपवर फोटो टाकला. झालं! निघाले मी पुण्यात धड बोलणारं माणूस शोधायला.

* * *

पहिला मेसेज : "अव्हेलेबल?"

रेश्मानं लिवलं, "आहे."

दुसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज : "अव्हेलेबल?" परत लिवलं, "आहे." असं पाच दिवस! सहाव्या दिवशी म्हणलं, रेश्मा, आता मी सांगते ते लिव : "खाट जाग्यावर हाय. मी बी जाग्यावर हाय. तुमचं काय?"

उत्तर आलं : "लास्ट किती?"

* * *

एकाला व्हिडिओ पाहिजे. पाठवला. "हँडल फिरवून दाखवा." फिरवलं. "खालून दाखवा." रेश्मा फरशीवर आडवी झाली, खालून काढला. "आता कुणीतरी झोपून दाखवा."

झोपले! पदर सारखा करून, हात जोडून झोपले. त्यानं लिवलं, "साइज छोटा वाटतोय."

विचारलं, "खाटंचा का माझा?"

ब्लॉक!

* * *

कोथरूडहून एकाचा फोन. ना नमस्कार ना चमत्कार. "पेशंट ह्याच बेडवर गेले का? तसं असेल तर किंमत कमी व्हायला हवी. आपण समजून घ्या."

आपण म्हणाला बरं का! शिकलेला माणूस.

म्हणलं, "अहो, गेले कुठं? बाल्कनीत बसलेत. खाटंबरोबर तेबी देते, वेगळे पैसे नकोत. फक्त दोन टाइम चहा लागतो, साखर कमी."

फोन कट! रेश्मा पोट धरून हसली. मी बी हसले. ती घरी गेल्यावर चहा ठेवला, तर दोन कपांचा ठेवला गेला. एक प्याले. एक बेसिनमधी ओतला.

* * *

मंग एक गोड बोलणारा भेटला. "मावशी, कन्फर्म. रविवारी टेम्पो घेऊन येतो. कुणाला देऊ नका."

मावशी म्हणला, मी विरघळले. खाट मागणाऱ्या दुसऱ्या दोघांना नाय म्हणून सांगितलं. गादी उन्हात टाकली, खाट फिनेलनं पुसली. रविवारी पोहे केले, त्याला आन टेम्पोवाल्याला धरून. रविवार गेला. फोन उचलंना. सोमवारी दुपारपर्यंत मी पोहेच खात होते.

आता मला काय गप बसवतंय? रेश्मानं शोधून काढलं, त्याची स्कूटर त्याच ॲपवर विकायला होती. तिच्या फोनवरनं, आवाज बारीक करून म्हणलं, "दादा, कन्फर्म. रविवारी येते. कुणाला देऊ नका हं!"

आन गेलेच नाय! लई हसलो दोघी.

संध्याकाळी त्याचा मेसेज : "ताई, येताय ना? गाडी धुऊन ठेवलीय. माझी कॉलेजची गाडी आहे, जपून वापरा."

हसू कुठं गेलं कळलं नाय. म्हणलं, रेश्मा, सॉरी लिव.

त्यानं लिवलं, "इट्स ओके. सगळे असंच करतात."

* * *

काल हात टेकले. म्हणलं, रेश्मा, काढ ती जाहिरात, उद्या भंगारवाला बोलव. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार काकू. आत्ता बोलले तर चालेल का? जेवत तर नाही ना?"

मी फोन कानापासनं लांब धरून बघितला. म्हणलं, चुकून लागला असंल!

आज सकाळी आली ती पोरगी, वडलांना रिक्षात घालून. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं म्हणं. दोघांनी दारातच चपला काढल्या. ती म्हणाली, "काकू, बाबांना थोडं झोपवून बघू का? आडवं झालं की दम लागतो त्यांना. बसूनच रात्र काढतात." ती बी त्यांच्याबरोबर जागतीय, डोळ्यांवरनं कळत होतं.

म्हातारा लाजत लाजत खाटंवर टेकला. "वहिनी, पाय धुऊन आलोय बरं का."

मी हँडल धरलं. "अजून?"

"अजून जरा."

"आता?"

"बास वहिनी. बास."

डोळे मिटले. आम्ही दोघी बाजूला उभ्या, म्हणलं, आता सांगतील कशी हाय. सांगतात कुठलं! घोरायला लागले.

पोरगी उठवायला वाकली, मी तिचा हात धरला. "काकू, तुमचा खोळंबा होतोय..." म्हणलं, गप बस तिथं. बसली खुर्चीत. पंखा लावून वळते तर मान टाकून ती बी झोपली.

किंमत तिनं विचारली नाय, मी सांगितली नाय. तवा साडेअकरा वाजले होते. आता चार वाजून गेलेत. दार नुसतं लोटून मी इथं जिन्यात येऊन बसलेय.

हळू बोला ना गं! आन माझ्या तोंडाकडं काय बघताय? जावा आता.