ट्यूबलाइटखालची निळी बाटली

शिवडीच्या माझ्या गोदामात जुने कॉम्प्युटर तोडले जातात. लालबागला हातगाडी ओढून मी सुरुवात केली. कोणी आपल्याला बनवतंय असं वाटलं की माझं डोकं फिरतं. त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बाई रसायनशास्त्रज्ञ. वाढल्या गिरगावच्या चाळीत, प्रयोगशाळा दादरच्या एका कॉलेजात. हार्ड डिस्कमधल्या लोहचुंबकात निओडिमियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य असतं. ते स्वस्तात वेगळं काढायची पद्धत त्या शोधत होत्या. त्यांना चुंबकं हवी होती आणि मला ती पद्धत. चुंबकं मी फुकट दिली. म्हटलं, सौद्याचं नंतर बोलू. बाई मला भोळ्या वाटल्या होत्या.

चुंबक आम्लात विरघळवून लोखंड काढणं सोपं, खरी मेहनत पुढची. निओडिमियमच्या सोबत त्याचं जुळं भावंड असतं, प्रेसिओडिमियम. वागणं जवळजवळ सारखंच. काचेच्या बंद नरसाळ्यात द्रावण एका तेलकट द्रवासोबत हलवायचं, दोन थर होऊ द्यायचे, खालचा काढून घ्यायचा, पुन्हा हलवायचं. दर वेळी फरक पडतो तो नखाएवढा. समुद्रकाठच्या वाळूतही अशी मूलद्रव्यं असतात, ती वेगळी काढायचं हेच काम बाईंनी तरुणपणी केलं होतं. मी अर्धा तास बघूनच वैतागलो. त्या मात्र दिवसभर हात हलवत आणि मध्येच मला चहा विचारत.

एके दुपारी त्यांनी खिडकीत धरून एक लहान बाटली दाखवली. आत फिकट जांभळे स्फटिक. "जमलं!" म्हणाल्या. मी बाटली घेऊन गोदामात आलो. टेबलावर ठेवून बघतो तर निळी! तसाच टॅक्सी करून परत गेलो.

"बाटली बदललीत तुम्ही! माका खुळो समाजतास काय?"

"कुठे बघितलीत?"

"माझ्या टेबलावर."

"ट्यूब चालू होती?"

"मग काय मेणबत्ती लावू?"

बाईंनी खिडकी लावून ट्यूब लावली. बाटली निळी. खिडकी उघडली, पुन्हा जांभळी.

"त्याचा गुणच आहे तो. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग नसतात. मीसुद्धा पहिल्यांदा सहकाऱ्याशी अशीच भांडले होते. टॅक्सी मात्र नव्हती केली."

हसू दाबत मी सौद्याचं काढलं. पद्धत मला एकट्याला द्या, म्हटलं.

"ती मी छापणार आहे. कुणीही वापरावी. तुमचे आभार मानीन ना."

"आभारांवर गोदामाचं भाडं निघतं?"

"मला ज्यांनी शिकवलं त्यांनी दार लावून नव्हतं हो शिकवलं."

मी बाटली उचलून निघालो आणि चुंबकं देणं बंद केलं. नव्या चुंबकांवर तोच निकाल पुन्हा आला नाही तर त्यांचं छापलं जाणार नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हटलं, येतील गोदामाच्या पायऱ्या चढत.

आल्या नाहीत. शेवटी मीच गेलो. प्रयोगशाळेत बाई खाली बसल्या होत्या. समोर बंद पडलेल्या हार्ड डिस्कची रास, शेजारपाजारून मागून आणलेल्या. बोटांना पट्ट्या, हातात साधा स्क्रू ड्रायव्हर.

"आलात? बसा. हा स्क्रू हलतच नाहीये."

"अहो, याला चांदणीच्या तोंडाचा लागतो!" मी ओरडलो. "अशाने सगळे स्क्रू झिजवाल!"

"मग सांगायचं नाही का आधी?"

माझ्या खिशात होता. मी खाली बसून सगळ्या डिस्क उघडल्या. दुसऱ्या दिवशी चुंबकांचं पोतं पाठवलं. सोबत एक अट घातली, बाटली परत मिळणार नाही.

"ती तुमचीच होती," बाई म्हणाल्या.

निकाल पुन्हा तसाच आला आणि पद्धत छापली गेली. आज माझगावातला माझा एक स्पर्धक तीच वापरतो आणि बाईंना ओळखतसुद्धा नाही. त्याची गाडी दारावरून गेली की माझं रक्त उसळतं. मग मी टेबलावरची बाटली उचलतो आणि दारात उन्हात नेऊन धरतो. इतकं स्वच्छ काम माझ्या गोदामात दुसरं नाही.