गार चाक

निमगाव केतकीच्या बाहेर गॅरेज चालवणारे चाचा बोलताना माणसाकडे बघत नाहीत, चाकाकडे बघतात. मी पिकअपमागं डाळिंबांचा शीतगृहाचा ट्रेलर ओढतो. त्याचे ब्रेक विजेवर चालतात आणि ते लागेनासे झाले होते. चाचांनी वायरी बदलल्या, अर्थिंग घासून पक्कं केलं. दर खेपेला मला ब्रेक मारत जवळच्या अंथुर्ण्यापर्यंत पिटाळायचे आणि परतलो की प्रत्येक चाकाला उलटा हात लावायचे. ब्रेक लागलेलं चाक तापतं.

"मढ्यावानी गार हाय," म्हणायचे. "आतला मॅग्नेट गेलाय, नवा हितं मिळत न्हाय. भरलेला ट्रेलर उताराला तुला ढकलत न्हेईल."

मालकाचा रोज फोन यायचा, बागेत माल पडलाय, नीघ. मी किनवटचा, सातवीत शाळा सोडलेला. मालकाला नाही म्हणणं मला जमत नाही. मी चावी उचलली तेव्हा मालक फोनवरच होता. चाचांनी माझ्या हातातला फोन घेतला.

"शेठ, चूक माझी हाय. माझ्याकडनं जोडणी जळाली. ड्रायव्हरला बोलू नका."

दुरुस्तीला तीन दिवस मिळाले, पण मॅग्नेट मिळाला नाही. चौथ्या दिवशी मालकानं दुसरा ड्रायव्हर पाठवला. चाचांनी त्यालाही सगळं सांगितलं.

"कळतंय, चाचा. पण मी न्हाय म्हनलं तर तिसरा येईल," म्हणत त्यानं ट्रेलर नेला.

माझा जीव वाचवला म्हणून चाचांचे पाय धरायचे होते. पण तो ड्रायव्हर आत्ता कुठल्या उतारावर असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

चाचा म्हणाले, "त्याचं नाव तरी इचारायचं व्हतं रं."