खातरजमाकाकांचं लबाड झाड

वजनमापांचा तपासनीस म्हणून चौतीस वर्षं काढली की माणसाला घरचा तांब्यासुद्धा बुडाशी चेपलेला वाटायला लागतो. खातरजमाकाकांचं तसंच झालं होतं. "एकदा खातरजमा केलेली बरी," हे ते इतक्यांदा म्हणत, की त्यांचं खरं नाव सांगायला काकूंनाही क्षणभर थांबावं लागे. निवृत्त झाल्यावर त्यांनी साबणाच्या वड्या तोलायला घेतल्या, तेव्हा काकूंनी त्यांना जवळच्या रोपवाटिकेतल्या बोन्सायच्या वर्गात अक्षरशः ढकललं.

"निदान झाडाची तरी उलटतपासणी घेऊ नका," त्या म्हणाल्या.

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी प्रत्येकाला जुनिपरचं, म्हणजे सुरूसारख्या दिसणाऱ्या झाडाचं, वीतभर उंचीचं रोप दिलं आणि फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळायला शिकवलं. सुरुवात खोडापासून, वेढे तिरके. सैल राहिली तर फांदी ऐकत नाही, आवळली तर तार सालीत रुतते. काकांनी नातवाचा कोनमापक लावून वेढे घातले. ताई बघतच राहिल्या.

"काका, हात सुरेख आहे हो तुमचा!"

काकांचे कान लाल झाले. आजवर त्यांना पाहून लोक तराजू लपवत आले होते. कौतुक कोणी केलं नव्हतं. तीन महिन्यांनी ज्याचं झाड जगेल त्यालाच पुढच्या वर्गात घेणार, असं ताईंनी सांगितलं, आणि काकांनी मनात ठरवलं, तिथं आपण असणारच.

पण जाता जाता ताई एक वाक्य जास्तीचं बोलून गेल्या. "जुनिपर भारी लबाड. मेलं तरी महिनाभर हिरवंच दिसतं."

झालं! काकांचा पाय तिथंच अडला. "मग जिवंत आहे हे ओळखायचं कसं?"

"साल नखानं जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं की जिवंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खरवडून पाहिलं. हिरवं होतं. पण ते कालचं हिरवं, आजचं कशावरून? तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग वाटलं, ही फांदी खरं बोलते, पण ती पलीकडची गप्प का? तिलाही खरवडलं.

पाचव्या आठवड्यात एक फांदी तपकिरी पडली आणि काकांचा संशय घरभर फिरू लागला.

"अगं, तू याला भांड्यांचं पाणी घातलंस?"

"घातलं असतं तर आधी तुम्हाला घातलं असतं!"

मग वरच्या मजल्यावरची मास्तरीण मुद्दाम चादर वाळत घालून ऊन अडवते, असं ठरलं. शेवटी संशय ताईंवरच गेला: हिनं मेलेलंच झाड गळ्यात मारलं असणार. एकेक करत आणखी फांद्या वाळल्या तसं काका कुंडी उराशी धरून रोपवाटिकेत हजर.

"हे आधीच मेलेलं होतं, बरोबर ना?"

ताईंनी चष्मा चढवून खोड फिरवून पाहिलं. मग काकांचा उजवा हात धरून अंगठा उजेडात नेला. नखाखाली हिरवी कड होती.

"काका, रोज?"

"दोनदा," काका पुटपुटले. "संध्याकाळी फक्त खात्रीसाठी."

ताई हसल्या नाहीत. कात्रीनं तार तुकड्यातुकड्यानं कापून काढली, वाळक्या फांद्या छाटल्या. एक फांदी उरली. "ही जगेल, पण महिनाभर माझ्याकडे ठेवून जा. आणि बघायला यायचं नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. न बघता? दुसऱ्याच्या हवाली? "आणि तुम्ही बदललंत तर? दुसरंच दिलंत तर?"

"खोडावर इतके ओरखडे असलेलं दुसरं झाड मी आणू कुठून?"

काकांनी खोडाकडे पाहिलं. बोटानं ओरखडे मोजायला लागले, अकरापर्यंत आले आणि ओशाळून थांबले. कुंडी त्यांनी ताईंच्या पुढ्यात सरकवली, हात मागे बांधले आणि फाटकाकडे निघाले.

घरी काकूंनी विचारलं, "काय हो, जगणार का झाड?"

"ताई म्हणतात, जगेल," काका म्हणाले, आणि खातरजमेचं नावही न काढता चपला काढू लागले. काकूंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.