मश यदोल्लाचं शेवटचं हेजले

मश यदोल्ला माणूस चांगला होता, पण भाबडा होता, आणि भाबड्या माणसांचा मला राग येतो. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्याचं कौतुक करायला लागले, तर ते रागासकट घ्या.

मशहदची यात्रा करून आलेला, म्हणून 'मश'. माझं शिवणाचं दुकान आणि त्याचं गोदाम समोरासमोर. मध्ये फक्त आमच्या गल्लीतली पाण्याची नाली. त्याचा धंदा हेजले भाड्यानं देण्याचा. लग्नाआधी तरणा पोरगा गेला, की आम्ही त्याच्या दारासमोर एक उंच मखर उभं करतो, तेच हेजले. लोखंडी सांगाडा, त्याला सगळीकडून आरशाचे तुकडे, रंगीत दिवे, कागदी फुलं, वर पिसांचा तुरा आणि मधोमध पोराचा फोटो. नवऱ्यामुलाची जी खोली त्याच्या नशिबी आली नाही, ती अशी रस्त्यात सजवायची. येणारे-जाणारे थांबतात, फातिहा म्हणतात, पुढे जातात. सातव्यापर्यंत दिवे विझू द्यायचे नसतात.

इराकशी चाललेल्या युद्धाच्या वर्षांत यदोल्लाला जेवायची फुरसत नव्हती. आमच्या दक्षिण तेहरानातल्या अशा गल्लीबोळांनीच तर पोरं पुरवली त्या युद्धाला. एकेका गल्लीत दोन-दोन हेजले एकाच वेळी झगमगत असायची. शहिदाच्या हेजल्याचं भाडं त्यानं कधी घेतलं नाही. "त्यांनी जीव दिला, मी चार दिवे देऊ नको?" म्हणायचा. आणि तेव्हा एक रीत पडली होती. शहिदाच्या घरी गेलं, की नुसतं सांत्वन करायचं नाही. आधी आईला "मुबारक" म्हणायचं, मग सांत्वन. मशिदीत तसंच शिकवलं होतं. गल्लीतल्याच एज्जत खानुमचा, म्हणजे एज्जतबाईंचा, धाकटा भाऊ सीमेवर गेला, तेव्हा यदोल्लानं तिच्या आईला असंच मुबारक म्हटलं आणि त्या माउलीनं डोळे पुसत मान डोलावली. तेव्हा आम्ही सगळेच मान डोलावत होतो.

ज्या निवडणुकीची ही गोष्ट, ती युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी झाली, आणि तिच्यात मी मनगटाला विरोधी उमेदवाराची हिरवी फीत बांधून मत द्यायला गेले. त्या महिन्यात गल्लीतल्या पोरापोरींनी माझ्या दुकानातले हिरव्या कापडाचे तागेच्या तागे संपवले होते. यदोल्ला दारात बसून कलिंगडाच्या बिया फोडून खात होता.

"तूबा खानुम, या वयात फिती बांधून निघालात? लोक म्हणतील, म्हातारीला नवरा बघायचाय."

"बघायचाय तर! पण तुमचं मखर नको हो. माझा नवरा जिवंत हवाय मला."

तो मनापासून हसला. मग टोपी घालून मशिदीत गेला आणि हाजी सफदरीनं ज्याचं नाव सांगितलं, त्याला मत देऊन आला. हाजी सफदरी म्हणजे आमच्या मशिदीतल्या बसीज तुकडीचा, सरकारच्या स्वयंसेवक दलाचा, म्होरक्या. कोपऱ्याकोपऱ्यावर दंडुके घेऊन उभी राहणारी पोरं त्याच्या शब्दात.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत निकाल लागला, हाजीचा माणूस जिंकला. एवढ्या मोठ्या देशाची मतं! मला एका बरणीतली बटणं मोजायला याहून जास्त वेळ लागतो. मी तणतणत यदोल्लाकडे गेले.

"अहो, पगडी घातलेली माणसं खोटं बोलतील होय?" तो म्हणाला. "देवाचं राज्य आहे हे."

"राज्य असेल देवाचं. मोजणी माणसांनी केलीय."

मग रस्ते भरले. लाखो माणसं तोंडातून अवाक्षर न काढता चालत गेली, आणि रोज दिवस बुडाला की घराघराच्या गच्चीवरून आरोळ्या उठायला लागल्या, 'अल्ला हो अकबर'. यदोल्ला गोदामाच्या दारात उभा राहून वर बघायचा. एकदा मला म्हणाला, "ही सगळी देवाचंच नाव घेतायत. मग टीव्हीवाले यांना देवाचे वैरी का म्हणतात?"

"टीव्हीला विचारा," मी म्हटलं. मला तेव्हा त्याच्याशी बोलायचीही इच्छा राहिली नव्हती.

एज्जत खानुमचा मेयसम त्या मोर्च्यांतून एका शनिवारी परत आला नाही. एज्जत विधवा, नवरा हृदयविकारानं गेलेला, पदरात मेयसम आणि रेहाने. मेयसम मोटरसायकली दुरुस्त करायचा. नखं कायम काळी आणि तोंडात कायम एखादा विनोद. त्याची सोयरीक ठरत आली होती. साखरपुड्याचा सदरा माझ्याच दुकानात शिवायला पडला होता. त्याची आई इस्पितळामागून इस्पितळ पालथं घालत होती. रेहाने तुरुंगाच्या फाटकावर रोज जाऊन भावाचं नाव विचारायची. एक दिवस तिथे तिचा आवाज चढला आणि तिलाच आत घेतलं.

मग हाजी सफदरी एज्जतच्या घरी आला. मी तिथेच होते, तिला बळंच चहा पाजत होते. चपला दारात काढून, जमिनीकडे बघत, अगदी अदबीनं बोलला तो.

"ताई, मेयसम सापडलाय. त्याला दंगेखोरांनी गोळी घातली. आमची अशी माहिती आहे, की तो आमच्याच तुकडीतला होता."

एज्जत म्हणाली, "तो? तुमच्या पोरांनी गेल्या वर्षी केस लांब आहेत म्हणून त्याला बडवलं होतं, हाजी आगा."

"तुम्ही हो म्हणालात, तर शव उद्या मिळेल. शहिदाचा मान मिळेल. दारात हेजले लागेल, सरकारी पाटीसकट. आणि सातव्यापर्यंत सगळं शांततेत पार पडलं तर रेहाने घरी येईल. पोर लहान आहे, चुकली, आम्ही समजून घेऊ."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्यानं चहा संपवला.

एज्जत शेवटी "हो" म्हणाली. तो गेल्यावर तिनं माझा हात इतका घट्ट धरला, की अंगठी बोटात रुतली. "तूबा, हे कुणाला कळता कामा नये. रेहानेला तर मुळीच नाही. ती मला आई म्हणायची नाही."

मी शपथ घेतली. यदोल्लाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या लेखी तो त्यांचाच माणूस होता.

आणि त्याला मशिदीतून निरोप गेला: शहीद मेयसमसाठी चांगल्यातलं चांगलं हेजले. किती दिवसांनी त्याला असं काम आलं होतं! त्याचा विश्वास तर काय, मशिदीतून आलं म्हणजे खरंच. त्यानं आरसे एकेक करून व्हिनेगरनं पुसले, जळलेले दिवे बदलले, फुलं नवी आणली. एज्जतच्या दारासमोर ते उभं केलं, मधोमध मेयसमचा हसरा फोटो बसवला आणि खाली हाजीनं पाठवलेली पाटी स्क्रूनं घट्ट केली: 'दंगेखोरांच्या हातून शहीद झालेला बसीजी वीर.' गल्ली उजळून निघाली, आणि गल्लीतलं एकही माणूस थांबलं नाही. मेयसमबरोबर रोज उठणारी-बसणारी पोरं पाटी वाचून मान फिरवून गेली. एकानं तर एज्जतच्या उंबऱ्यावर थुंकून म्हटलं, "पोरगा विकला बाईनं." यदोल्लाला काहीच उमगेना. लोकांना फातिहाची आठवण नाही, अशी कुरकुर करत तो हात धुऊन, सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून, खजुराचं ताट घेऊन एज्जतकडे आला.

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. तो दारातच थांबला, हात छातीवर ठेवला आणि जुन्या रितीनं म्हणाला, "मुबारक, एज्जत खानुम. मुबारक आणि सांत्वन. भावापाठोपाठ पोरगाही देवाच्या वाटेवर..."

"कसलं मुबारक?"

एज्जतचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती उठून त्याच्यासमोर गेली.

"मश यदोल्ला, माझ्या पोराच्या मनगटावर हिरवी फीत होती. मी त्याला आंघोळ घालताना बघितली. तिची गाठ यांना सुटली नाही, म्हणून तशीच राहिली होती. गोळी पाठीत होती. पाठीत! आणि घातली कुणी, ते तुमच्या हाजीला विचारा. शवागारात पडला होता तो, मला देत नव्हते. रेहाने त्यांच्या ताब्यात आहे. म्हणून मी हो म्हटलं. आता म्हणा मुबारक. म्हणा की!"

यदोल्लाचा चेहरा पाहवेना. त्याच्या हातातलं ताट मीच काढून घेतलं, नाहीतर पडलं असतं. एवढ्या वर्षांत ज्या-ज्या आयांना त्यानं मुबारक म्हटलं होतं, त्या सगळ्या एकदम समोर येऊन उभ्या राहिल्या असाव्यात, असं मला वाटलं. तो बाहेर गेला. आम्हाला वाटलं, घरी गेला.

थोड्या वेळानं रस्त्यावरून खटखट ऐकू आली. खिडकीतून बघितलं तर भर दुपारी, कोपऱ्यावरच्या बसीजी पोरांच्या डोळ्यांदेखत, यदोल्ला पाना घेऊन पाटी काढत होता. वर मोठ्यानं बोलतही होता, "या, थांबा, फातिहा म्हणा. हा त्यांचा नव्हता. हा आपला मेयसम होता." दोन बायका थांबल्या. रोटीवाला भट्टी सोडून बाहेर आला. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. म्हटलं, शाब्बास रे भाबड्या!

एज्जत अनवाणी धावली. तिनं त्याच्या हातातली पाटी हिसकावून घेतली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काय करताय? माझा एक मातीत गेला. दुसरी त्यांच्या मुठीत आहे. लावा ती परत."

"एज्जत खानुम, हे खोटं आहे."

"मला माहीत नाही का? लावा. तुमच्या पाया पडते."

कोपऱ्यावरची पोरं चालत येत होती. यदोल्लानं त्यांच्याकडे बघितलं, एज्जतकडे बघितलं, मग स्क्रू तोंडात धरून पाटी पुन्हा जागेवर बसवायला लागला. पोरांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "सैल झाली होती. घट्ट करतोय." पाना दोनदा निसटला. मघाशी थांबलेल्या बायका निघून गेल्या. रोटीवाला जाता जाता म्हणाला, "थू तुझ्यावर, मश यदोल्ला. एवढीच होती का हिंमत?" त्यानं ते ऐकून घेतलं.

सातव्यापर्यंत तो त्या हेजल्यापाशी स्टूल टाकून बसून राहिला. दिवा गेला, की बदलायचा. कुणी फातिहा म्हणायला थांबत नव्हतं, म्हणून स्वतःच म्हणत होता. पोरांनी त्याला 'हाजीचा कुत्रा' असं नाव ठेवलं. एका दगडानं वरचे आरसे फुटले, एकानं त्याची भुवई. मी पट्टी बांधायला गेले, तर म्हणाला, "पोरं बरोबर आहेत, तूबा खानुम. त्यांना काय माहीत?"

सातव्या दिवशी रेहाने आली. पायात तुरुंगातल्या रबरी चपला, अंगावर कुणा भलत्याच बाईचा चादोर, ओठ फुटलेला. गल्लीत शिरली आणि हेजल्यासमोर येऊन थांबली. भावाचा फोटो बघितला. खालची पाटी वाचली. एज्जत दारातून धावत आली, पण पोरीनं तिला मिठी मारली नाही.

"हे कुणी लावलं?"

तिनं आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग आईकडे वळली.

"आई, तुझ्या दारात हे लावलं आणि तू लावू दिलंस?"

एज्जतनं तोंड उघडलं. मला कळलं, ती सगळं सांगणार. आणि सांगितलं असतं, तर जिच्यासाठी तिनं ते केलं, तीच पोर तिच्या हातून कायमची गेली असती. तेवढ्यात यदोल्ला स्टुलावरून उठला.

"तुझी आई नकोच म्हणत होती. पाया पडली माझ्या. मी ऐकलं नाही."

"का?"

"मशिदीतून सांगितलं. मी लावलं."

रेहाने त्याच्या तोंडावर थुंकली. मग तिनं हेजल्याला लाथ घातली, आणखी एक, आणखी एक. आरसे खळाखळा खाली आले. तो बाजूला उभा राहिला. तोंडही पुसलं नाही. एवढंच म्हणाला, "काच आहे खाली, पोरी. पाय जपून टाक."

एज्जत मध्ये उभी होती. तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला सांगता यायची नाही. मग मुलीला कवेत घेऊन आत गेली आणि दार लावलं. मी झाडू घेऊन काचा गोळा करायला गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हीसुद्धा बोलायचं नाही." आणि जे तोंड उभ्या गल्लीत कुणाला बंद करता आलं नाही, ते मी बंद ठेवलं.

त्यानं पुढे कुणाचंही हेजले लावलं नाही. सांगाडे भंगारात घातले आणि भाड्यानं चहाचे समोवार नि खुर्च्या देत राहिला. तेही आमच्या गल्लीतलं कुणी नेत नसे. रेहाने पुढे सीमा ओलांडून परदेशी गेली. गेल्या हिवाळ्यात यदोल्ला वारला. एज्जतनं फोनवर मुलीला सांगितलं, "मश यदोल्ला गेला गं." मी शेजारीच बसले होते, पलीकडचं स्पष्ट ऐकू आलं.

"बरं झालं," रेहाने म्हणाली.

एज्जतनं फोन ठेवला, चूल पेटवली आणि त्याच्या नावानं तिसऱ्या दिवशी वाटायच्या हलव्यासाठी पीठ भाजायला घेतलं.