पाच पीएचचं गणित

"तू बाटली धो. हिसाब करने के लिए हम बैठे हैं."

लॅबच्या साहेबानं माझा कागद चुरगाळला आणि सिंकमध्ये फेकला. त्याच सिंकमध्ये मी फ्लास्क धूत होते. लॅबमधले बाकी चौघं हसले.

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली डाइंग मिल. मी बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. घेतलं लॅब असिस्टंट म्हणून, पण दीड वर्ष हातात ब्रशच. बाप त्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर. परभणीकडून आलेला. हातापाया पडून त्यानंच मला चिकटवलं होतं.

त्या दिवशी निळ्या पॉलिस्टरसाठी पाच पीएचचं बफर, म्हणजे पीएच धरून ठेवणारं द्रावण, हवं होतं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि सोडियम अ‍ॅसिटेट. अ‍ॅसिडचा पीकेए चार पॉइंट शहात्तर. पाचातून तो वजा केला की उरतात पॉइंट चोवीस. दहाचा तेवढा घात काढला की एक पॉइंट चौऱ्याहत्तर. म्हणजे अ‍ॅसिडच्या एका मोलला अ‍ॅसिटेटचे तेवढे मोल. साहेबानं उलटं धरलं होतं. अ‍ॅसिड जास्त. पीएच साडेचारवर जाणार. एवढंच मी लिहून दाखवलं होतं.

"कोटे से पास होके आते हैं, और हमको केमिस्ट्री सिखाते हैं," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. फ्लास्क धुतला. उलट बोलले नाही, याची लाज मला अजून आहे.

साहेबाचंच बफर वापरलं. दुपारी कापडाचा अख्खा लॉट बिघडला. निळा हिरवट आला. संध्याकाळी साहेबानं ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. भांडी नीट धुतली नाहीत म्हणून माल खराब झाला, चूक माझी. बाजूला बाप उभा. हात जोडलेले.

"सही कर, बाई," तो म्हणाला. "दोघांचंबी काम जाईल."

पेन घेतलं. वाटलं, करावी सही, सुटावं. मग बापाच्या हातांकडं बघितलं. जन्मभर असेच जोडलेले. त्याची चूक नसतानाही.

"नाही करणार. ते बफर मीटरवर मोजा. साडेचार येईल."

कुणी मोजलं नाही. साहेबानं कागद माझ्यापुढं सरकवला. चूक कुणाची ते त्याला कळलं होतं.

दोघांनाही काढलं. बाप आता मजूर नाक्यावर उभा राहतो. माझ्याशी बोलत नाही. मी पलीकडच्या सचिन वसाहतीतल्या कारखान्यांत काम शोधत फिरते. आधीचं काम का सुटलं, विचारतात. मी खरं सांगते. परत पाठवतात.

उद्याही खरंच सांगणार. दुसऱ्याच्या चुकीखाली माझं नाव लिहिणार नाही. बाप जन्मभर बोलला नाही, तरी नाही.