वाढत्या शाळेची फिकीर

काळजी करण्याच्या कामात आमच्या हेडमास्तरांचा हात धरील असा माणूस गोदावरीच्या अलीकडं-पलीकडं कुठंही झाला नसेल. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं उलटली होती. मी जालन्याहून मॅट्रिकचा कागद घेऊन आष्टीच्या शाळेत मास्तर म्हणून निघालो. परतूर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं गावाशी आलो, तर हेडमास्तर स्वतः वेशीपर्यंत घ्यायला आलेले. उंच, किंचित पुढं झुकलेले, डोक्यावर काळी टोपी, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असावं. मी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ते म्हणाले, “घरी बिलकुल ठीक आहे. शाळेत आज तीन पोरं नवीन आलीत.” एवढं बोलून त्यांनी माझी वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि वाटभर त्या तीन पोरांना कुठं बसवायचं याचीच चर्चा केली.

त्यांच्या काळजीचे दोन कालखंड होते, हे मला पुढं कळलं. पहिल्या काळात शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची आणि पोरं इतकी थोडी की शाळा बंद पडते की काय, या धास्तीनं ते वाळत चालले होते. म्हणून ते शेताशेतांतून हिंडले. कापसाच्या वेचणीत बायाबापड्यांशी बोलायचं तर बांधावर उभं राहून कुणी ऐकत नाही, म्हणून हा माणूस कमरेला ओटी बांधून त्यांच्या ओळीत शिरायचा, कापूस वेचता वेचता पोरीला शाळेत का घालावं ते सांगायचा आणि ओळ संपली की उत्तर मागायचा. गावातल्या बाया अजून सांगायच्या की मास्तर बोलायला बरा, पण वेचायला त्याहून बरा. तर अशी एकेक करून पोरं आली, मग त्यांची भावंडं आली, मग आसपासच्या वाड्यांवरची आली, आणि दुसरा कालखंड सुरू झाला. आता शाळा फुटते की काय ही धास्ती. पहिली-दुसरी देवळात, तिसरी लिंबाखाली, चौथी चावडीच्या पडवीत, पाचवी-सहावी एका आडत्याच्या कापसाच्या गोदामात. लिंबाची सावली सरकली की तिसरीचा वर्ग तिच्यामागं सरकायचा आणि अकराच्या सुमाराला देवळाच्या पायरीशी येऊन दुसरीत मिसळायचा. रुळाच्या तुकड्याची घंटा सगळीकडं ऐकू जायची नाही, म्हणून हेडमास्तर घंटा वाजवून मग गावातून पळत जात आणि घंटा वाजली असं प्रत्येक वर्गाला सांगून येत.

मोजण्याची त्यांना सवयच जडली होती. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळं मराठी कितीही चांगलं शिकवलं तरी मोजायला लागले की एक, दो, तीन. एका लग्नाच्या पंगतीत यजमानानं वाढपावर लक्ष ठेवायला सांगितलं, तर यांनी पाहुण्यांना बुटक्यापासून उंचापर्यंत ओळीनं बसवलं आणि वाढण्याआधी दोनदा मोजलं. वरबाप मध्येच हात धुवायला उठला, त्याला परवानगी विचारायला लावली. पोरांच्या जन्मतारखांचीही तीच तऱ्हा. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. दुसरीकडचे मास्तर सगळ्यांना एकच तारीख लावून मोकळे होत. आमच्या हेडमास्तरांना भीती की तपासणीस साहेब विचारतील, गावातली सगळी बाळंतपणं एकाच दिवशी कशी? म्हणून ते ज्याच्या त्याच्या आईशी अर्धा अर्धा तास बसायचे, तेव्हा ज्वारी काढणीला होती का, विहिरीला पाणी किती होतं असं विचारत विचारत प्रत्येकाला वेगळा वाढदिवस शोधून द्यायचे.

मी दुपारी जेवायला बसलो की हमखास दारात उभे. “जेवा, जेवा. मी फक्त विचारायला आलो,” म्हणायचे आणि माझ्या ताटासमोर बसून पत्र्याचे खिळे, गोवराची साथ, संपत आलेले खडू असं एकेक पुढं मांडायचे. माझी भाकरी ताटातच राहायची. ते मात्र हलके होऊन निघून जायचे.

त्या वर्षीची काळजी या सगळ्यांपेक्षा मोठी होती. शाळा सहावीपर्यंतच होती. सहावी सुटली की पुढं परतूर. मुलं चालत जातील, कुणाकडं तरी राहतील, पण सहावीत तीन मुली होत्या. गावात पहिल्यांदाच मुली इतक्या वर चढल्या होत्या. त्यांतली सुभद्रा सगळ्यांत हुशार. तिचा बाप चांगला जमीनवाला, शब्दाला पक्का. त्यानं हेडमास्तरांना चावडीपुढं उभं राहून सांगितलं, “मास्तर, पोरगी परतूरला जाणार न्हाई. इथं सातवी आली तर शिकंल. न्हाई तर मंग आमचं आम्ही बघू.” बाकी दोघींच्या बापांनी मान हलवली. तपासणीस कचेरीचं म्हणणं असं की सातवीसाठी पक्क्या छपराची वेगळी खोली दाखवा, मगच विचार करू. साहेब सालअखेरच्या तपासणीला यायचे होते.

आडत्यानं गोदामाला लागून असलेली खोली कबूल केली होती. हेडमास्तरांनी ती झाडून घेतली, फळा टांगला, आणि तपासणीच्या दोन दिवस आधी आडत्याची माणसं येऊन तिच्यात ज्वारीची पोती रचून गेली. आडत्याचाही इलाज नव्हता, माल पावसाआधी कुठंतरी ठेवणं भाग होतं. हेडमास्तर गावात फिरून आले. कुणाकडं गुरं, कुणाकडं कडबा, कुणाकडं बाळंतीण. दुपारी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते ओसरीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तसं बिनटोपीचं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांची मंडळी माणसांसमोर फारशी बोलत नसत. त्या आतून आल्या, माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, “आपली पुढची खोली द्या की.”

“आन् आपण?”

“स्वयंपाकघर आहे की. तिथं राहू.”

हेडमास्तरांनी टोपी डोक्यावर चढवली. मग मी आणि त्यांनी मिळून खाट, पेटी, देव्हारा उचलून आत नेला. बाईंनी त्याच संध्याकाळी खोली सारवली.

तपासणीच्या दिवशी लिंबाखाली सगळं गाव जमलं. साहेब गावातल्या एकुलत्या एका खुर्चीवर, बाकी सगळे खाली. सालअखेरची खबर हेडमास्तरांनी वाचून दाखवायची असा रिवाज होता. पास किती, नवीन किती, कवायतीत पहिला कोण, अशी सगळी खुशीची खबर त्यांनी एका वहीत पुढून लिहिली होती. त्याच वहीत मागून त्यांच्या फिकिरी लिहिलेल्या. ही दुसरी गोष्ट फक्त मला ठाऊक. घाबरले की त्यांचा हात उर्दू किताबाच्या सवयीनं वही उजवीकडून, म्हणजे मागून, उघडायचा. तसंच झालं. ते खड्या आवाजात वाचू लागले की शाळेत पोरं वाढली, बसायला जागा नाही. चौथीवरचे पत्रे सैल आहेत, वारं सुटलं की मी पडवीत जाऊन उभा राहतो. दुसरीला मास्तर नाही, सहावीची पोरं शिकवतात, ती आपला अभ्यास कधी करणार. लोक एकमेकांकडं बघू लागले. मी खाकरलो. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं आणि ते घाईघाईनं पानं उलटू लागले.

“तेच वाचा,” साहेब म्हणाले. “पुढचं.”

हेडमास्तरांनी टोपी सारखी केली. पुढचं वाक्य त्यांनी इतकं हळू वाचलं की मागची माणसं पुढं सरकली. “सहावीत तीन पोरी आहेत. मीच त्यांना घरून बोलावून आणलं. सातवी न्हाई झाली तर त्या घरी बसतील. मंग दुसऱ्या पोरींना मी कोणत्या तोंडानं बोलावू?” सुभद्राचा बाप जमिनीकडं बघत होता.

साहेबांनी खोली पाहायला मागितली. टेपानं भिंती मोजल्या, छप्पर पाहिलं आणि विचारलं, इथं कोण राहतं? हेडमास्तरांना खोटं बोलता येत नसे. “आम्ही,” ते म्हणाले. “म्हणजे परवापर्यंत.” आतून भांड्यांचा आवाज आला. साहेब दाराकडं क्षणभर बघत राहिले, मग वहीत काहीतरी लिहून म्हणाले की मी एका वर्षापुरती शिफारस करतो, पण हुकूम वरून येईल. तोवर कुणाला शब्द देऊ नका.

हुकूम येईना. वैशाखाच्या उन्हात हेडमास्तर रोज टपालाच्या वाटेवर जाऊन उभे राहायचे. सुभद्राचा बाप थांबला. दुसऱ्या मुलीचाही थांबला. तिसऱ्या मुलीच्या घरी चांगलं स्थळ चालून आलं, आणि ते लोक तरी कशाच्या भरवशावर थांबणार? हेडमास्तर त्या लग्नाला गेले, दिवसभर वाढप केलं, पण पंगत मोजली नाही. हुकूम आला तो लग्नानंतर आठ दिवसांनी. लिफाफा फोडून त्यांनी तो मला वाचायला दिला आणि म्हणाले, “आठ दिवस. बराबर आठ दिवस.” एवढंच.

जूनमध्ये सातवी त्यांच्या घरात भरली. भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. मी शिकवत असताना पलीकडची भांडी हळूहळू वाजेनाशी झाली. एकदा मी कवितेची पुढची ओळ विचारली, वर्ग गप्प, आणि ओळ आली ती चुलीपासून. मुलं हसली, सुभद्रा सगळ्यांत जास्त हसली. बाई लहानपणी दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्याला किती वर्षं झालेली. पुढं पुढं मुलांना गणित अडलं की मी दाराकडं बघायचो, आणि भिंतीआडून ऐकून ऐकून तयार झालेल्या बाई उत्तर सांगायच्या. सालअखेरीला त्या दोन्ही मुली पास झाल्या. शाळेच्या नव्या इमारतीला मंजुरी मिळून पाया खोदायला लागले, आणि त्याच महिन्यात हेडमास्तरांची बदली मंठ्याकडच्या एका खेड्यात झाली. आपल्या शाळेवर पक्कं छप्पर चढलेलं त्यांनी पाहिलं नाही.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेलो. गावकऱ्यांनी राहायला ऐसपैस घर दिलं होतं. हेडमास्तर ओसरीवर बसून मला सांगत होते की इथं पोरंच येत न्हाईत, सकाळपासून दोन वस्त्या फिरून आलो, आता तिसरीवर जातो. ते टोपी घालून निघालेसुद्धा. बाईंनी चहा आणून ठेवला. मी म्हणालो, घर छान मिळालं, पुढची खोली केवढी मोठी आहे. त्यांनी त्या रिकाम्या खोलीकडं पाहिलं.

“मोठी आहे,” त्या म्हणाल्या. “पण इथं दिवसभर काही ऐकायला येत नाही.”