कच्चा राहिलेला पाय
शहागंजात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासमोर आज सोल्डरच्या धुराचा राळेसारखा वास आला आणि ताईच्या हळदीची दुपार आठवली. अंगणात मांडव, बायकांची गडबड, आणि ताई मात्र हळदीच्या पिवळ्या हातांनी मागच्या खोलीत आमचा रेडिओ घेऊन बसलेली. हरभऱ्याच्या डाळीएवढी त्याची चिप आम्ही दोघांनी घरीच हातानं सोल्डर केली होती आणि तो काही केल्या बोलत नव्हता. "आधी कूलर बंद कर, वाऱ्यानं सोल्डर नीट वितळत नाय," ती म्हणाली. वैशाखाच्या उकाड्यात घामानं निथळत मी भिंग धरलं आणि ती दातकोरणीच्या काडीनं चिपचा तारेसारखा एकेक बारीक पाय दाबत गेली. कोपऱ्यातला पाय दाबला तसं गाणं सुरू झालं, काडी उचलली की बंद. "हाच कच्चा राहिलाय बघ." मी म्हणालो, "लई मस्त लागलंय, अशीच दाबून धर ना." ती हसली. "मी काय जन्मभर इथं काडी धरून बसू का?" गाणं संपेपर्यंत मात्र तिनं काडी उचलली नाही, मग त्या पायाला पक्कं सोल्डर दिलं. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. आज घरी येऊन मी माळ्यावरचा तो रेडिओ काढला, नवे सेल घातले, कूलर बंद केला, भिंग शोधून जवळ ठेवलं आणि बटण दाबलं. रेडिओ लगेच वाजायला लागला. तिला फोन करून विचारावं असा एवढासाही बिघाड त्यात नव्हता.